पत्र्याच्या पेटीतलं रजिस्टर

आमच्या गोदाकाठी जुन्या माणसाला वय विचारलं की तो आकडा सांगत नाही, गोष्ट सांगतो. "रझाकाराच्या साली मी रांगत होतो." "पोलिस ॲक्शनच्या वक्ताला मी पोटात होते, माय सांगायची." "लाल मिलो खाल्ली त्या साली माह्यं लगीन झालं." शाळेत गेलेल्यांचीही गत फार वेगळी नाही. मास्तरांनी पोराकडं वरून खालून बघायचं, हात डोक्यावरून कानाला लावायला सांगायचा आणि दाखल्यावर लिहायचं, एक जून. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या पिढीतली निम्मी माणसं सरकारदरबारी एक जूनलाच जन्मली आहेत. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात ते काही उगीच नाही, एका तारखेला एवढी बाळंतपणं जर्मनीतही झाली नसतील.

ह्याला आमच्या गावात एक अपवाद होता. गावाच्या खालच्या अंगाला आमची वीस-बावीस ख्रिस्ती घरं, मध्ये पत्र्याचं छप्पर असलेलं छोटं चर्च, आणि चर्चच्या मागच्या खोलीत पत्र्याची एक पेटी. त्या पेटीत तीन रजिस्टरं : बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि पुरण्याचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ साली झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून ह्या पेटीत आमच्या माणसांच्या खऱ्या तारखा लिहिलेल्या होत्या. शाळेतली नोकरी संपल्यावर मंडळीच्या पंचांनी मला चिटणीस केलं आणि पेटीची किल्ली माझ्याकडं आली. हा लेख त्या पेटीबद्दल आहे.

आधी आम्ही इथं कसे आलो ते सांगितलं पाहिजे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, जालना आणि हिंगोली इथं हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. छावणी आली की गोरा साहेब आला, साहेबामागं पाद्री आला. पण छावणीच्या पाद्र्याचं काम साहेबांच्या बायकामुलांपुरतं. गावखेड्यात शुभवर्तमान नेलं ते बहुतेक आपल्याच मुलखातल्या माणसांनी. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, काम रतनजी नवरोजी ह्या पारशी घरातून आलेल्या पाद्र्यानं कित्येक वर्षं सांभाळलं. जालन्याला नारायण शेषाद्री होते. हे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. पुढं १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडं जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड एका रुळावर आले. ज्या रस्त्यानं सरकी आणि कापूस गेला त्याच रस्त्यानं उपदेशक आले, बायबल विकणारे आले, आणि गँगमनच्या नोकरीत लागलेली आमचीही माणसं फिरली.

आमच्या मंडळीत म्हणूनच दोन धागे आहेत. काही घरं औरंगाबादकडची, बिशपसाहेबांच्या हाताखालची, प्रार्थनेचं पुस्तक उघडून गुडघे टेकून उपासना करणारी. काही घरं जालन्याकडची, स्कॉटिश वळणाची, बसून प्रभुभोजन घेणारी. दोन्हींची मुळं मात्र महारवाड्यात आणि मांगवाड्यात. हे लपवण्यासारखं काही नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी ते कधी लपवलं नाही, लपवायची पाळी आमच्यावर आली. त्याबद्दल पुढं सांगतो.

आता रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे कसरीनं खाल्लेलं. सुरुवातीची पानं इंग्रजीत, तिरक्या अक्षरात. मग कुणी मराठी उपदेशक आला असावा, तिथून बाळबोध सुरू होतं. रकाने ठरलेले. बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, मुलाचं नाव, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, आईचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, आणि शेवटी बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. इंग्लंडातल्या गावचर्चमधल्या रजिस्टरांच्याच धर्तीवरचे हे रकाने. इंग्लंडात जात नव्हती म्हणून रकान्यांत जात नव्हती. आमच्याकडं येईस्तोवर तो रकाना कुणी वाढवला नाही. पाटलाच्या आणि पटवाऱ्याच्या कागदांत ज्या माणसाची ओळखच जातीवरून लिहिली जायची, त्याचं पोर इथं लिहिलं गेलं ते नावानं, आईबापाच्या नावानं आणि बापाच्या कामानं. धंद्याच्या रकान्यात काय काय आहे! सालगडी. दोर वळणारा. बाजेवाला. रेल्वे गँगमन. पुढं पुढं शिक्षक, नर्स, कंपाउंडर.

आईच्या नावाचंही तसंच. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं केलं, तेव्हा गावात मोठी चर्चा झाली. आमच्या पेटीतल्या रजिस्टरात आईचा रकाना पहिल्या पानापासून होता. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, शाळेत नाही, कुठल्या पाटीवर नाही, ती बाई तिथं आहे. गंगाबाई, सखुबाई, मथुराबाई. बापांची नावं बदलत गेलेली दिसतात. याकोब, शिमोन, शांतवन, आशीर्वाद, येशुदास. आयांची नावं बरीच वर्षं जुनीच राहिली. जनाबाई तर कितीतरी वेळा येतं. ते साहजिकच आहे, गंगाखेड आमच्यापासून लांब नाही आणि संत जनाबाई त्या गावची. दळणाऱ्या बाईच्या जात्याला देव येऊन हात लावतो, ही तिची ओळख इथल्या कुठल्याही बाईला सांगावी लागत नाही. माझी आजी पहाटे जात्यावर बसली की येशूच्या ओव्या म्हणायची आणि मधेच विठ्ठलाचीही एखादी येऊन जायची. पाळकसाहेबांनी एकदा हटकलं तर म्हणाली, "साहेब, जातं एकच हाय. खुंटा बी एकच हाय."

इंग्रज छावण्यांतल्या पाद्र्यांनी केलेल्या नोंदींच्या नकला वरच्या कचेरीतून लंडनला जात. साहेबाचं पोर हिंदुस्थानात कुठल्या छावणीत जन्मलं, तापानं कधी गेलं, ते आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बसून शोधता येतं. आमच्या पानांची नकल कुठं गेली नाही. हिरवी पत्र्याची पेटी, आत कडुनिंबाचा पाला, वर प्लास्टिकची पिशवी. गोदावरीला पूर येतो म्हटलं की पहिली उचलायची ती पेटी, हा आमच्याकडं लेखी नसलेला नियम आहे.

रजिस्टर चाळताना गावाचा इतिहास आपोआप वाचला जातो. १९४८ च्या पावसाळ्यात तीन-चार महिने एकही नोंद नाही. पाळक येऊच शकले नाहीत. रझाकारांचा धाक, रस्ते बंद, आमची माणसंही कुणाच्या अध्यात न मध्यात म्हणून शेतात लपलेली. १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं. हिवाळ्यात पाळक आले आणि एका दिवशी सगळ्या पोरांचे बाप्तिस्मे झाले. पान भरून पुढच्या पानावर गेलेली ती एकच तारीख. तसंच १९७२-७३. लग्नाच्या रजिस्टरात त्या दोन वर्षांत जवळजवळ काही नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात राहण्याच्या ठिकाणी लिहिलंय, "दुष्काळी कामावर". खडी फोडायला गेलेल्या बाईचं पोर तिथंच झालं, सुकडी खाऊन तिला दूध आलं, आणि ठिकाण काय लिहायचं म्हणून उपदेशक मास्तरांनी ते लिहिलं.

रजिस्टर सोडून मंडळीचं जगणं सांगायचं तर मला दोन गोष्टी सांगाव्या लागतील : प्याला आणि हंगामाचा सण.

प्याला म्हणजे प्रभुभोजनाचा. आमच्या चर्चमध्ये तो एकच असतो. सगळ्यांनी त्याच एका प्याल्याला ओठ लावायचा. शहरातल्या वाचकाला ह्यात विशेष वाटणार नाही. पण ज्या गावात आमच्या माणसांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तिथं एक भांडं हातोहात फिरणं म्हणजे काय, ते ज्यांनी पहिल्यांदा केलं त्यांनाच माहीत. ह्याच इंग्लंडच्या चर्चच्या पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबरात एक सभा झाली. सभेनंतर नामांकित मंडळींपुढं चहा ठेवला गेला. रानडे होते, टिळक होते. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात घेतला. पुढं नावं छापून आली आणि मोठं वादळ उठलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. मिशनमधला एक कप चहा पुण्याला दोन वर्षं पुरला. आमच्या वाड्यांतल्या लोकांनी तर प्यालाच उचलला, पण त्यांचं नाव छापायला कुणी गेलं नाही. त्यांना वाळीत टाकायचंही काही शिल्लक नव्हतं, ते आधीच वेशीबाहेर होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लग्नाचं रजिस्टर उघडलं की प्याल्याचा मोठेपणा थोडा कमी होतो. आडनावं बघत जा. औरंगाबादकडची घरं आपसात, जालन्याकडची आपसात. पूर्वी महार असलेल्यांची सोयरीक पूर्वी महार असलेल्यांत, मांग असलेल्यांची मांगांत. एका प्याल्यातून प्यायलेली माणसं पोरगी द्यायची वेळ आली की जुनी वाडी आठवायची. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहून ठेवलंय, आणि धर्म बदलल्यावरही जात चर्चच्या आत येऊन बसते हे त्यात स्पष्ट मांडलंय. आमच्या पाळकांनी ते कधी व्यासपीठावरून वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती, आमच्या लग्नाच्या रजिस्टरात ते होतंच. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च झालं. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट सगळे एका नावाखाली आले. कागदावर आमचे दोन धागेही एक झाले. गुडघे टेकायचे की बसायचं ह्यावर आमच्याकडं आणखी काही वर्षं कुरबूर चालली. शेवटी ज्याचे गुडघे धरले तो बसायला लागला आणि वाद आपोआप मिटला. सोयरीक जुळायला त्याहून जास्त वेळ लागला. लग्नाच्या रजिस्टरात पहिलं तसं नाव मला १९८० नंतर सापडतं.

दुसरा हंगामाचा सण. ज्वारी खळ्यावरून घरात आली की एका रविवारी प्रत्येक घरानं पिकातला वाटा चर्चमध्ये आणायचा. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, भोपळा, अंडी, कोंबडी, एखाद्या वर्षी बकरू. उपासना झाली की अंगणात लिलाव. दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो. घेणारा तो परत अर्पण करतो, तो पुन्हा विकला जातो. गावातले मराठा शेतकरी, मोमीन, वाणी, सगळे लिलावाला येतात. हे बघणाऱ्याला मौज वाटते, पण ह्यामागं एक जुनं दुखणं आहे. आमच्या पूर्वजांना धान्य मिळायचं ते बलुत्याचं. खळ्यावर जाऊन उभं राहायचं, हलगी वाजवायची, दोर द्यायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि मग पाटील जे सुपात टाकेल ते पदरात घ्यायचं. ख्रिस्ती झाल्यावर देवळापुढं हलगी वाजवायची नाही असं मिशननं ठरवलं आणि बलुतं बंद झालं. किती घरं उपाशी राहिली ते सांगणारं रजिस्टर नाही. "भाकरीसाठी बाटले" असं आम्हाला म्हणतात. आमच्या घरांत सांगतात ते उलटं आहे, बाटल्यामुळं भाकर गेली. म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीला हंगामाचा सण एवढा मोठा वाटायचा. आयुष्यात पहिल्यांदा धान्य घ्यायला नाही, द्यायला ते उभे राहायचे. आणि काही वर्षांनी कुण्या शहाण्या पाळकानं हलगीही अंगणात आणली. आता लिलावाची सुरुवातच हलगीनं होते.

गावाचं आणि पेटीचं नातं कसं होतं ते एका म्हातारीवरून कळेल. ती आमच्यातली नव्हे, वरच्या आळीतली. श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट वर्षांचा पुरावा पाहिजे होता. ती थेट चर्चमध्ये आली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या आत्याच्या जन्माचा कागद काढा. तिच्याहून मी दोन महिन्यांनी थोरली. दोघींच्या माया एकाच लिंबाखाली निवडायला बसायच्या." आम्ही कागद काढला. तारीख निघाली. पाळकसाहेबांनी मंडळीच्या कागदावर तसं लिहून दिलं. शेवटी डॉक्टरच्या दाखल्यावर तिचं काम झालं, पण तो कागद तिनं देव्हाऱ्यात ठेवला. आपल्याला जन्मतारीख आहे ह्याचंच तिला कौतुक.

ही आत्या म्हणजे सगळ्या मंडळीची आत्या. तिचं लग्न गावातल्या गावातच झालेलं. शाळेत कधी गेली नाही. आता तिची गोष्ट सांगतो, कारण पेटी काय चीज आहे ते मला तिच्यामुळं कळलं.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या सहीनं अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांना घेतलं, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली ही अट काढा म्हणून अहवाल दिला. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग त्याच प्रश्नासाठी नेमला गेला. आमच्या घरांत ह्याचा परिणाम असा झाला की प्रत्येकाला दोन नावं झाली. शाळेच्या दाखल्यावर एक, हिंदू आणि पुढं जात. रजिस्टरात दुसरं. पाणवठ्यावर, मारुतीच्या पारावर, किराणा दुकानात आम्हाला कुणी दोन नावांनी ओळखलं नाही. तिथं आमची वाडीच पुरेशी होती. दोन नावं लागली ती फक्त कागदाला.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका पोराला इंजिनिअरिंगला जायचं होतं. हुशार पोरगा. राखीव जागेसाठी जात पडताळणी पाहिजे. आता पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद लागतो. निजामाच्या राज्यातल्या भूमिहीन माणसाकडं तो कुठून यायचा? शेत नाही म्हणून सातबारा नाही. पणजोबा शाळेत गेले नाहीत. आजोबा शाळेत गेले ते १९५० नंतर. त्या आख्ख्या घराण्याचा १९५० आधीचा एकच कागद जगात होता आणि तो आमच्या पेटीत होता. १९४६ चं पान. त्यावर त्या पोराच्या आजोबांचा बाप्तिस्मा. म्हणजे ते घराणं इथलंच आहे हे सिद्ध करणारा जो एकमेव कागद, तोच त्याला नापास करणारा.

पोराचा बाप रात्री माझ्याकडं आला. चौकशीला दक्षता पथक गावात येतं हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. "गुरुजी, तेवढं एक पान," एवढंच म्हणाला आणि खाली बघत बसला. मी म्हणालो, हे माझ्या एकट्याच्या हातातलं नाही, पंचांत ठेवू.

पंच बसले. पाळकसाहेब होते, आम्ही पाच जण होतो. आत्या पंच नव्हती, पण ती दारात येऊन बसली, कारण ते तिच्याच भावाचं घर. तास-दोन तास बोलणं झालं. एक जण म्हणाला, पान गेलं तर कुणाचं काय जातं? दुसरा म्हणाला, देवाच्या घरातलं पुस्तक आहे, त्याला हात लावायचा नाही. तिसरा चिडला. "आपण बौद्ध झालो असतो तर नव्वदनंतर पोराला जागा मिळाली असती. शीख झालो असतो तर छप्पनपासूनच. आपण काय गुन्हा केला? देव बदलला, पण वाडी बदलली का?" ह्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. पाळकसाहेब सुद्धा गप्प. मला त्या बापाचं दुःख दिसत होतं, आणि जो पान फाडा म्हणत होता त्याला वाईट म्हणावंसं वाटत नव्हतं. ज्या कायद्यानं माणसाला पोटाची वाट आणि प्रार्थनेची वाट ह्यांतली एकच निवडायला लावली, त्याच्यापुढं गरिबानं कागद लपवला तर त्याला खोटं म्हणणं सोपं असतं. खोटं कुठून सुरू झालं ते बघणं अवघड असतं.

मग आत्या दारातून बोलली. "त्या पानावर दादाच्या खाली कोण हाय?"

मी सांगितलं, तूच आहेस. दोघा बहीणभावांचा एकाच दिवशी झाला.

"मग आयका. माह्यं नाव आन् माह्या मायचं नाव फक्त त्याच पानावर हाये. दुसरीकडं कुठंच न्हाई. ते फाडल्यावर आमी दोघींनी कुठं ऱ्हावं?"

बाप उठला आणि आत्याच्या पायापाशी जाऊन बसला. पान राहिलं. पोरानं पडताळणीचा अर्ज केला नाही. त्या वर्षी खुल्या जागेतून डिप्लोमाला त्याचा नंबर लागला. फी जास्त होती. पंचांनी हंगामाच्या सणाच्या लिलावाचे पैसे त्याच्या पहिल्या वर्षाला दिले. चर्चचे पत्रे बदलायचे होते, ते आणखी तीन वर्षं गळत राहिले. आज तो चाकणला कारखान्यात आहे, नाताळला येतो, सलाम करतो. त्याच्या मनात काय आहे ते मी कधी विचारलं नाही. जी जागा त्याला मिळायला हवी होती ती मिळाली नाही, आणि मंडळीनं फी भरल्यानं तो अन्याय धुऊन निघत नाही, हे मला कळतं. त्याच्यासारखी आणखी किती पोरं असतील.

पण त्या रात्रीनंतर मी रजिस्टराकडं निराळ्या नजरेनं बघायला लागलो. तोपर्यंत मला वाटायचं, हा पुरावा आहे, अडीअडचणीला कामाला येणारा. शास्त्रात जीवनाच्या पुस्तकाचा उल्लेख येतो, देवाजवळ नावं लिहिलेली असतात असं. लहानपणी मला ते मोठं सोनेरी पुस्तक वाटायचं. आता वाटतं, ते आमच्या ह्या कसर लागलेल्या पुस्तकासारखंच असावं. सरकारी कागद माणसाला विचारतो, तू कुणापैकी? आणि उत्तराप्रमाणं देतो किंवा काढून घेतो. आमच्या रजिस्टराला देण्यासारखं काही नाही. ते एवढंच म्हणतं की अमक्या दिवशी अमक्या आईबापांचं हे लेकरू इथं आणलं गेलं आणि त्याला नावानं हाक मारली. त्या हाकेवर भरवसा ठेवून आमच्या आज्या बलुतं सोडून आल्या. भरवसा खरा ठरला की नाही, ते प्रत्येक पिढीनं आपल्यापुरतं ठरवायचं. आम्ही पान राखलं ते भरवसा अजून संपलेला नाही म्हणून.

आत्या करोनाच्या आदल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत रविवारी पहिल्या बाकावर. पुरण्याच्या रजिस्टरात तिची नोंद मी केली. नाव, वय, ठिकाण. त्या रजिस्टरात आईचा रकाना नाही, तरी मी नावापुढं बारीक अक्षरात तिच्या आईचं नाव लिहिलं. पाळकसाहेबांनी सही करताना ते वाचलं आणि काही न बोलता सही केली.

आमच्याकडं नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या आठवणीचा दिवस पाळतात. कबरस्थानातलं गवत काढून, कबरींना चुना लावून, संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या आणि रजिस्टरातली नावं मोठ्यानं वाचायची. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं, आता पाऊण तास लागतो. पोरं कंटाळतात, बाया लेकरांना गप्प करतात. वरच्या आळीतली काही माणसंही येऊन कडेला उभी राहतात, त्यांच्याही ओळखीची नावं त्यात असतात. यंदा वाचायचं काम एका कॉलेजातल्या पोरीकडं दिलंय. तिला जुनं अक्षर लागत नाही, म्हणून गेले दोन रविवार उपासनेनंतर ती माझ्याजवळ बसून पानं लावायलीय. काल १९४६ च्या पानाशी आली.